अंश आणि छेद : जपानी सिटी पॉपची जडणघडण



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या गावातल्या मुलांना गाणं ऐकायला शिकवलं. गाणं शिकवणारे बरेच भेटतात, ऐकायला शिकवणारे विरळा. म्हणून आज अशा काही माणसांची हकीकत सांगायची आहे, ज्यांनी आधी वर्षानुवर्षं कान देऊन ऐकलं आणि त्या ऐकण्यातून नवं गाणं उभं केलं. ही माणसं तोक्योची. त्यांच्या संगीताला आज जगभर 'सिटी पॉप' म्हणतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुसऱ्याचं संगीत घेण्यात कमीपणा नाही. मात्र घ्यायचं तर मुळापर्यंत जाऊन घ्यावं, कोणाकडून घेतलं ते उघड सांगावं आणि त्याला उत्तर आपल्या भाषेत द्यावं. सिटी पॉपच्या कर्त्यांनी या तिन्ही गोष्टी केल्या, म्हणून त्यांचं गाणं चाळीस वर्षांनंतरही ताजं वाटतं.

सिटी पॉप म्हणजे ढोबळमानाने १९७५ ते १९८५ या काळात जपानच्या मोठ्या शहरांत, मुख्यतः तोक्योत घडलेलं शहरी सुगम संगीत. त्या काळी तिथले श्रोते त्याला बहुतेक वेळा 'न्यू म्युझिक' म्हणत. ऐकताना आधी लक्षात येतं ते वादन. पुढे येऊन बोलणारी बास गिटार, तालात तुटक वाजणारी इलेक्ट्रिक गिटार, इलेक्ट्रिक पियानोचे मऊ स्वर, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे नेमके फटकारे आणि मागे थरावर थर चढवलेले आवाज. हा सगळा सरंजाम अमेरिकेचा आहे, हे जाणकारच काय, नवखाही ओळखेल. मात्र गायलेले शब्द जपानी आहेत आणि त्या शब्दांतली माणसं, रस्ते, एकटेपण हेही तिथलंच आहे.

मारिया ताकेउची यांचं 'प्लास्टिक लव्ह' हे गाणं १९८४च्या 'व्हरायटी' या अल्बमातलं. प्रेमात पोळलेली एक स्त्री, आता प्रेम हा फक्त खेळ म्हणून खेळायचं असं ठरवून रात्रीच्या शहरात वावरते, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी ते सुट्या तबकडीवर निघालं, तेव्हा जपानच्या ओरिकॉन विक्रीयादीत ८६व्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. २०१७ साली कोणा चाहत्याने ते यूट्यूबवर टाकलं आणि ज्यांना जपानी भाषेचं अक्षर कळत नाही अशा लोकांनी ते दोन कोटींहून अधिक वेळा ऐकलं.

या नव्या लोकप्रियतेबरोबर एक समजूतही पसरली. हे संगीत म्हणजे जपानच्या फुगलेल्या श्रीमंतीचं अपत्य, असं सर्रास लिहिलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात. ज्या प्लाझा करारानंतर येनचा भाव वधारला आणि पुढे तो फुगा फुगला, तो करार सप्टेंबर १९८५चा. तिथल्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाने कळस गाठला २९ डिसेंबर १९८९ रोजी. आता तबकड्यांची सालं पाहा. शुगर बेबचा 'साँग्ज' १९७५चा, ताएको ओनुकी यांचा 'सनशॉवर' १९७७चा, तात्सुरो यामाशिता यांचा 'राइड ऑन टाइम' १९८०चा, एइची ओताकी यांचा 'अ लाँग व्हेकेशन' १९८१चा. पैशाचा पूर यायच्या आधीच मुख्य काम झालेलं होतं. त्यामुळे या गाण्याचं मूळ शेअर बाजारात शोधून सापडणार नाही. ते शोधायला १९४५पर्यंत मागे जावं लागतं.

युद्धात हरलेल्या जपानवर १९५२पर्यंत अमेरिकी अंमल होता. अंमल संपला तरी लष्करी तळ राहिले. तळांवरच्या क्लबांत सैनिकांच्या करमणुकीसाठी जपानी वादक लागत. पैसे बरे मिळत, पण तिथे टिकायचं तर जॅझ, कंट्री, ब्लूज जे मागतील ते वाजवता यायला हवं. जपानच्या पुढच्या करमणूक उद्योगातली कितीतरी माणसं या क्लबांत तयार झाली. तिथे बास वाजवणारे शिन वातानाबे यांनी १९५५ साली वातानाबे प्रॉडक्शन काढलं आणि गायकांना घडवून बाजारात आणण्याची सगळी पद्धतच बसवून दिली.

दुसरी वाट रेडिओची. अमेरिकी सैन्याचं 'फार ईस्ट नेटवर्क' हे केंद्र तोक्योत ८१० किलोहर्ट्झवर लागत असे. कार्यक्रम सैनिकांसाठी, पण लहरींना कुंपण नसतं. तोक्योच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना अमेरिकेत गाजणारी गाणी घरबसल्या ऐकू येत होती. १९४७ ते १९५५च्या दरम्यान जन्मलेली ही मुलं. ज्या देशाने आपली शहरं जाळली त्याच देशाचं गाणं त्यांना जिवापाड आवडत होतं. हा पेच त्यांच्या पिढीने आयुष्यभर बाळगला आणि त्यांच्या संगीताची खोली त्या पेचातून आली, असं मला वाटतं.

उलट दिशेचा प्रवासही एकदा घडला होता. क्यू साकामोतो यांनी १९६१ साली गायलेलं 'उए ओ मुइते अरुको' हे गाणं जून १९६३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिलं राहिलं. तिथे ते 'सुकियाकी' या नावाने विकलं गेलं. गाण्याशी काडीचा संबंध नसलेलं हे एका पदार्थाचं नाव! पुढे १९६६ साली बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात गाऊन गेले आणि गिटारवाल्या तरुणांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांना 'ग्रुप साउंड्स' म्हणत. त्यांची पुष्कळशी गाजलेली गाणी मात्र कंपनीचे व्यावसायिक गीतकार-संगीतकारच लिहून देत.

ही चौकट मोडली हॅपी एन्ड या बँडमधल्या चौघांनी. हारुओमी होसोनो, एइची ओताकी, शिगेरु सुझुकी आणि ड्रम्स वाजवणारे व गीतं लिहिणारे ताकाशी मात्सुमोतो. त्यांचा पहिला अल्बम १९७०चा, दुसरा 'काझेमाची रोमान' १९७१चा. त्याच सुमारास जपानी संगीतविश्वात एक वाद पेटला होता. रॉक जपानी भाषेत गाता येतं का? 'न्यू म्युझिक मॅगझिन' या मासिकात त्यावर चर्चा झडल्या. युया उचिदा यांच्यासारखे अनुभवी गायक म्हणत, रॉक इंग्रजीतच हवं, जगात जायचं तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. हॅपी एन्डची मंडळी म्हणत, आम्ही आमच्या भाषेतच गाणार.

उचिदांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. अडचण खरी होती आणि ती छंदाची होती. जपानी भाषेत प्रत्येक मात्रेला जवळपास सारखा वेळ लागतो. इंग्रजीतला 'स्ट्रीट' हा शब्द एका ठोक्यात आटपतो. तोच जपानी तोंडात 'सुतोरीतो' झाला की पाच मात्रा खातो. रॉकचा ताल इंग्रजीतल्या आघातांवर पोसलेला. त्याच्यावर जपानी वाक्य ठेवलं की ते एकतर शाळेतल्या कवितेसारखं एका चालीत चालू लागतं, नाहीतर तालाच्या मागे राहतं. ओताकींनी यावर गायकीतून तोड काढली. ते शब्द भलत्याच जागी तोडत, स्वर ओढून पुढच्या ठोक्यावर नेत. अर्थ क्षणभर लांबणीवर पडे आणि ताल जिवंत राही. मात्सुमोतोंनी लेखणीतून दुसरी तोड काढली. गर्जना करणाऱ्या रॉकमध्ये त्यांनी रोजच्या सभ्य बोलण्यातली क्रियापदं वापरली. शेजाऱ्याशी बोलावं तशा भाषेत इलेक्ट्रिक गिटारवर गाणं, हे तोवर फारसं कोणी केलं नव्हतं.

मात्सुमोतोंनी गीतांना गावही दिलं. 'काझेमाची' म्हणजे वाऱ्याचं गाव. आओयामा, शिबुया आणि आझाबू यांच्यामधला त्यांच्या लहानपणीचा परिसर. १९६४च्या ऑलिम्पिकसाठी तोक्योत रस्ते रुंद झाले, जुन्या गल्ल्या गेल्या, पुढे ट्रामही एकेक करून बंद पडत गेल्या. अल्बमाचं वेष्टण उघडलं की आत ट्रामचं रेखाचित्र दिसतं. वरवर ऐकणाऱ्याला यात अमेरिकी लोकरॉकचे सूर ऐकू येतील. नीट ऐकणाऱ्याला कळेल की विकासाच्या नावाखाली पुसलं गेलेलं एक शहर इथे कवितेत राखून ठेवलं आहे. आपल्या ओळखीच्या रस्त्यांना गाण्यात जागा देण्याची ही सवय सिटी पॉपला इथून लागली. २००७ साली 'रोलिंग स्टोन'च्या जपानी आवृत्तीने जपानी रॉकचे शंभर श्रेष्ठ अल्बम निवडले, तेव्हा पहिला मान 'काझेमाची रोमान'ला दिला.

तिसऱ्या अल्बमासाठी हे चौघे १९७२ साली लॉस एंजेलिसला गेले. बीच बॉइजबरोबर काम केलेले व्हॅन डाइक पार्क्स त्यांच्या ध्वनिमुद्रणात सामील झाले, लिटल फीट या बँडचे लोवेल जॉर्जही वाजवायला आले. या अल्बमातल्या शेवटच्या गाण्याचं नाव 'सायोनारा अमेरिका, सायोनारा निप्पॉन' असं आहे. दोन्ही देशांना निरोप. कानांत रुजलेली अमेरिका प्रत्यक्षात तशी सापडली नाही आणि मायदेशाची जुनी ओळखही पुरेनाशी झाली. यातून तिसरी जागा स्वतःच तयार करावी लागणार होती. बँड तिथेच संपला आणि चौघे आपापल्या वाटेने ती जागा बांधायला लागले.

होसोनो तोक्योजवळच्या सायामात राहायला गेले होते. अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेली तिथली घरं रिकामी झाल्यावर भाड्याने मिळत. त्यातल्याच एका घरात मुद्रणाची यंत्रं आणून त्यांनी १९७३ साली 'होसोनो हाउस' हा अल्बम केला. ज्यांच्या रेडिओवर कान घडले त्यांच्याच सोडलेल्या घरात बसून जपानी गाणी! इथे जमलेल्या होसोनो, सुझुकी, तात्सुओ हायाशी आणि मासाताका मात्सुतोया या वादकांचा 'कॅरामेल मामा' हा संच झाला, तोच पुढे 'टिन पॅन अ‍ॅली' नावाने ओळखला गेला. दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारा, पण त्या गाण्यांना स्वतःचं अंग देणारा हा संच. होसोनोंनी अमेरिकेवरच न थांबता ओकिनावा, हवाई, कॅलिप्सो यांचे सूरही आपल्या गाण्यांत आणले. १९७८ साली ते चित्रकार तादानोरी योको यांच्याबरोबर भारतात आले आणि त्या प्रवासातून 'कोचीन मून' हा अल्बम झाला. न निघालेल्या हिंदी चित्रपटाचं संगीत असावं अशी त्याची कल्पना.

कॅरामेल मामाच्या साथीने १९७३मध्ये युमी आराई यांचा पहिला अल्बम आला. हाचिओजी गावच्या किमोनोच्या पेढीवर वाढलेली ही मुलगी लहान वयात अमेरिकी तळांवर जाऊन तबकड्या आणत असे. लग्नानंतर त्या युमी मात्सुतोया झाल्या. १९७६चं त्यांचं 'चुओ फ्रीवे' हे गाणं एकदा सगळ्यांनी ऐकावं. प्रेमी जोडपं संध्याकाळी गाडीतून तोक्योहून पश्चिमेकडे निघालं आहे. उजवीकडे रेसकोर्स, डावीकडे बिअरचा कारखाना, मागे पडणारा विमानतळ. सगळ्या जागा खऱ्या, त्या रस्त्याने आजही ओळखता येतात. चाल मात्र सरळ नाही. ती एका स्वरपट्टीतून दुसरीत अशी घसरत जाते की श्रोत्याला वळण घेतल्याचं कळतं, धक्का बसत नाही. गाडीचा वेग गाण्याच्या रचनेतच आला आहे. अमेरिकेत गाडी आणि महामार्ग यांच्यावर ढिगाने गाणी होती. आराईंनी तो विषय घेतला आणि त्यात घराकडे जाणारा आपला रोजचा रस्ता घातला.

आता तात्सुरो यामाशिता. जन्म १९५३चा, तोक्योचा. १९७२ साली मित्रांबरोबर त्यांनी स्वखर्चाने एक तबकडी काढली. प्रती फक्त १००. तिच्या एका बाजूवर सगळी बीच बॉइजची गाणी, जमेल तितकी हुबेहूब गायलेली. कोणी म्हणेल, ही तर नक्कलच. हो, ती नक्कलच होती, आणि तीच त्यांची तालीम होती. चार-पाच आवाजांची वीण कशी घालतात, कोणता आवाज कुठे मागे राहतो, हे ऐकून समजत नाही, स्वतः गाऊन पाहावं लागतं. ही तबकडी कोएन्जी भागातल्या एका रॉक कॅफेत वाजली आणि तिची वार्ता ओताकींपर्यंत पोहोचली. ओताकींनी यामाशिता आणि ताएको ओनुकी यांच्या शुगर बेब या बँडला हाताशी धरलं. १९७५ साली 'साँग्ज' निघाला. आज तो सिटी पॉपचा पाया मानतात. त्या वेळी मात्र तो काढणारी कंपनी लवकरच बुडाली आणि १९७६मध्ये बँडही मोडला.

त्याच वर्षी यामाशिता स्वतंत्र अल्बम करायला न्यूयॉर्कला गेले. फोर सीझन्स या गटाच्या तबकड्यांवर लहानपणापासून ज्यांचं नाव वाचलं होतं, त्या चार्ली कॅलेलो यांनाच त्यांनी संयोजनासाठी गाठलं. आवडत्या गायकाबरोबर छायाचित्र काढून घेणारे लाखो असतात. या तरुणाला त्या गाण्यांमागचा कारागीर हवा होता. मुळापर्यंत जाणं म्हणतात ते हे. गीतं मात्र बहुतेक मिनाको योशिदा यांची, जपानी. पुढे १९८० साली 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर'मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी रुजवलेली डू-वॉपची जुनी गाणी गायली. सगळे आवाज एकट्याचे, एकावर एक मुद्रित केलेले. इकडे ओनुकींच्या 'सनशॉवर'मध्ये संयोजन र्‍युइची साकामोतो यांचं आणि ड्रम्सवर न्यूयॉर्कचे ख्रिस पार्कर.

इथे एक ऋण स्पष्ट बोलायला हवं. सिटी पॉपच्या तालाचा आणि आवाजाचा मोठा भाग फिलाडेल्फियाचं सोल, फंक, आयझली ब्रदर्स, कर्टिस मेफील्ड अशा आफ्रिकन-अमेरिकन परंपरेतून आला आहे. समुद्र, पोहण्याचे तलाव आणि निळं आकाश अशी जी चित्रं या अल्बमांच्या वेष्टणांवर आली, त्यांत हे ऋण दिसत नाही. यामाशितांनी ते लपवलं नाही. १९९२पासून ते तोक्यो एफएमवर दर आठवड्याला आपल्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या लावतात आणि त्यांची माहिती सांगतात. लोकप्रिय गायकाने आपल्या गुरुस्थानी असलेल्यांना इतकी वर्षं नेमाने वेळ द्यावा, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही गाजलेल्या गाण्याइतकी मोलाची वाटते.

या गाण्याला श्रोता मिळवून द्यायला यंत्रांचीही मदत झाली. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन ३३,००० येनला विक्रीस आला. गाडीत कॅसेट वाजू लागली. १९८०चं 'राइड ऑन टाइम' लोकांच्या कानी गेलं ते मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतून. यामाशिता स्वतः तिच्यात दिसले आणि गाणं ओरिकॉनवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. गाणं आता घरातून निघून माणसाबरोबर फिरू लागलं. कानाला इतक्या जवळून ऐकणाऱ्या श्रोत्यापुढे वादनातली कसर चालत नाही. मुद्रणाचा जो काटेकोरपणा या संगीतात आहे, त्याला हेही एक कारण.

आता ज्या अल्बमावर थोडं थांबायचं आहे तो 'अ लाँग व्हेकेशन'. ओताकी फुस्सा इथे, योकोता या अमेरिकी तळाजवळ, जुन्या अमेरिकी घरात राहत. तिथेच त्यांचा स्टुडिओ. व्यवसायात त्यांना फार यश आलेलं नव्हतं. १९८०मध्ये त्यांनी जुने मित्र मात्सुमोतो यांना नव्या अल्बमासाठी गीतं मागितली. अल्बम त्याच वर्षी जुलैत काढायचा होता. पण मात्सुमोतोंची धाकटी बहीण गेली आणि त्यांना लिहिणं अशक्य झालं. दुसरा गीतकार बघ, असं त्यांनी ओताकींना सांगितलं. ओताकींनी नकार दिला. उशीर होऊ दे, तुझ्याच गीतांसाठी मी थांबतो, असा त्यांचा निश्चय होता. बहीण गेल्यावर शिबुयाच्या रस्त्यावरून चालताना सगळं शहर आपल्याला काळंपांढरं दिसू लागलं होतं, असं मात्सुमोतोंनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. त्या अनुभवातून 'किमी वा तेन्नेनशोकू' हे गीत आलं. रंग हरवलेला माणूस रंगांची आस धरतो, असं ते गीत.

ओताकींनी त्याला चाल दिली ती उत्साहाने ओसंडणारी. फिल स्पेक्टर यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत वाद्यांची जी 'ध्वनीची भिंत' उभारली होती, तिचा अभ्यास ओताकींनी आयुष्यभर केला होता. एकच ओळ अनेक अकूस्टिक गिटार एकदम वाजवताहेत, अनेक पियानो एकाच वेळी दणाणताहेत, सगळे वादक एका दालनात, सगळ्यांचे नाद एकमेकांत मिसळलेले. वेगवेगळं वाद्य ओळखू येत नाही, सगळं मिळून लखलखतं. वेष्टणावर हिरोशी नागाई यांनी काढलेला रिकामा, उन्हात न्हालेला पोहण्याचा तलाव. २१ मार्च १९८१ रोजी अल्बम निघाला आणि पुढे त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये जगातल्या पहिल्या सीडी विक्रीला आल्या, त्यांतही तो होता. लोकांनी त्याला उन्हाळी सुट्टीचं संगीत मानलं. त्या उन्हाखाली एका भावाचं दुःख आहे, हे कळल्यावर सिटी पॉपला उथळ म्हणणं कठीण होतं. याच मात्सुमोतोंनी पुढे सेइको मात्सुदा यांच्यासारख्या अतिलोकप्रिय गायिकेसाठी होसोनो, ओताकी, युमी मात्सुतोया या जुन्या साथीदारांकडून चाली घेतल्या आणि एके काळचं आडवाटेचं संगीत मुख्य रस्त्यावर आणलं.

ओताकी नुसते संगीतकार नव्हते, विचारही करत. १९८३ साली त्यांनी एक मांडणी केली, तिला जपानमध्ये 'अंश-छेद सिद्धान्त' म्हणून ओळखतात. जपानचं आधुनिक गाणं हा एक अपूर्णांक आहे. वर अंशाच्या जागी जपानी गाणं, खाली छेदाच्या जागी पाश्चात्त्य संगीत. मेइजी काळात सरकारने शाळांसाठी गीतसंग्रह केले, तेव्हापासून हे चालू आहे. १८८१च्या पहिल्या संग्रहातच स्कॉटलंडची चाल जपानी शब्दांवर बसवलेली आहे. ओताकींचा पुढचा मुद्दा जास्त मोलाचा. काळ जातो तसा छेद दिसेनासा होतो. नवी पिढी आधीच्या जपानी गाण्यालाच छेद धरून त्यावर आपला अंश रचते आणि खाली आणखी काही आहे याचा तिला विसर पडतो. ओताकींची धडपड तो खालचा थर पुन्हा दाखवण्याची होती. १९७५पासून ते रेडिओवर 'गो! गो! नायगारा' हा कार्यक्रम करत, त्यात एकेका अमेरिकन गीतकाराचं, संगीतकाराचं काम उलगडून ऐकवत. आपण कोणावर उभे आहोत हे सांगितल्याने कलावंत लहान होत नाही, असं त्यांनी करून दाखवलं.

आज त्या सिद्धान्ताची पुढची पायरी आपण पाहतो आहोत. मिकी मात्सुबारा यांनी १९७९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी 'मायोनाका नो दोआ' गायलं. चाल तेत्सुजी हायाशी यांची. मात्सुबारा २००४ साली वारल्या. २०२०मध्ये रेनिच या इंडोनेशियन गायिकेने ते गाणं गाऊन यूट्यूबवर ठेवलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस मूळ गाणं स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिलं आलं. कोरियाचे नाइट टेम्पो या तबकड्या नव्या तालात बांधतात. कॅनडाच्या द वीकेंड यांनी २०२२च्या 'आउट ऑफ टाइम'मध्ये तोमोको आरान यांच्या १९८३च्या गाण्याचा तुकडा वापरला. जे जपानी गाणं अंश होतं, ते आता दुसऱ्यांचा छेद झालं आहे. कर्ज फेडून झालं, उलट आता देणं सुरू झालं.

आणि १९७१च्या त्या वादाचा निकालही यात लागला आहे. जगात जायचं तर इंग्रजीत गा, असं सांगणारे चुकले. जग ऐकायला आलं ते जपानीत गायलेल्या गाण्यांसाठी. 'काझेमाची रोमान'मधलं एक गाणं २००३च्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या हॉलिवूडच्या चित्रपटात वाजलं, तेही जपानीतच. पण केवळ मातृभाषेत गायलं म्हणून जगाने ऐकलं, असा सोपा अर्थ कृपा करून काढू नका. शंभर प्रतींची ती तबकडी, कॅलेलोंचं दार ठोठावणं, एका मित्राच्या शब्दांसाठी थांबणं, या सगळ्याचं बळ त्या भाषेमागे उभं होतं. भाषेच्या अभिमानाला कारागिरीची जोड नसेल, तर तो अभिमान गाण्यात ऐकू येत नाही.

या सभागृहात मराठीत गाणी करणारी तरुण मंडळी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या कानांवर कोरियाचं, अमेरिकेचं, आफ्रिकेचं संगीत पडतं आहे, ते जरूर घ्या. ज्याचं घ्याल त्याचं सगळं काम ऐका, वाजवून पाहा, त्याच्या मागचे वादक आणि संयोजक कोण ते शोधा आणि त्यांची नावं जाहीरपणे घ्या. मग तुमच्या गावच्या रस्त्याबद्दल, तुमच्या रोजच्या बोलीत लिहा. आणि आपण श्रोत्यांनी त्यांच्या पहिल्या शंभर प्रती विकत घ्याव्यात. त्यांचं मोल कळायला चाळीस वर्षं थांबायचं कारण नाही.